सायराआपांची उसनवार

सायराआपांना स्वयंपाक येत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली महाडात त्यांचं नाव निघालं की लोक इतक्या आदराने बोलतात, की नव्या माणसाला वाटावं बाई सगळ्याच बाबतीत थोर होत्या. तशा नव्हत्या. त्यांची भाकरी एका अंगाने करपायची आणि दुसऱ्या अंगाने कच्ची राहायची. मासे तव्याला असे धरून बसायचे की तवा रात्रभर भिजत घालावा लागायचा. कुणी काही बोललंच तर उत्तर तयार असायचं, "पोट भरतं ना? मग?"

आणि नवरा कोण, तर इब्राहिमभाई. आखातात एका मोठ्या कंपनीच्या मेसमध्ये हयात घालवलेला आचारी. दोघं तिकडे होती तेव्हा आपा एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करायच्या आणि घरचा स्वयंपाक भाई करायचे. बायकोने केलेलं कालवण त्यांनी म्हणे एकदाच चाखलं आणि हात जोडून म्हणाले, "सायरा, तू कॉम्प्युटरच चालव." ही गोष्ट आपा स्वतःच सांगायच्या आणि सांगताना मनापासून हसायच्या. मूलबाळ नव्हतं. दोघं महाडला परतली, घर मांडलं, आणि थोड्याच दिवसांत भाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून आपांनी भरवल्याशिवाय हा माणूस एक घास खाईना. शेजारीण ताट घेऊन बसली की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहायचे. जन्मभर ज्या हाताची टिंगल केली, तोच हात त्यांना हवा असायचा.

त्यामुळे आमच्या ऑफिसचं घड्याळ भाईंच्या भुकेवर चालायचं. दुपारचा एक वाजला की आपा उठायच्या. समोर कितीही मोठं गिऱ्हाईक बसलेलं असो, "मी जेवायला घालून येते," एवढंच म्हणून ओढणी डोक्यावर घ्यायच्या आणि जिना उतरायच्या. एमआयडीसीतला एक ट्रान्सपोर्टवाला एकदा चिडून म्हणाला, "बाई, मी काय इथे बसून राहू?" आपा जिन्यातूनच म्हणाल्या, "तुम्हीपण जेवून या की."

ऑफिस म्हणजे बाजारपेठेत एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. वरचा मजला का घेतला, हे महाडात कुणी विचारत नाही. सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरलं की खालचे दुकानदार आपली खोकी आमच्याकडेच आणून टाकायचे. माझं घर पोलादपूरला. बी.एस्सी. झाल्यावर मला पुण्याला धाडायला वडील तयार नव्हते आणि घरी बसायला मी तयार नव्हते, एवढ्यात या ऑफिसविषयी कळलं. मुलाखतीत आपांनी मला कॉम्प्युटरचं काहीच विचारलं नाही. दूध न घातलेला, लिंबू पिळलेला चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे शेजारणी उसनं मागायला येतात?"

"येतात की. साखर, मिक्सर, काहीही."

"परत कोण आणून देतं?"

"आणून कसलं देतात? आईलाच जाऊन मागावं लागतं."

"मग ये उद्यापासून. त्रास माहीत आहे तुला."

त्या वेळी वाटलं, बाई जरा विक्षिप्त आहेत. तशा त्या होत्याच.

आमचं मुख्य काम ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी होतं. कुठला ट्रक कुठे आहे, कुठला रिकामा, कुणाला कुठला माल लावायचा, हे सांभाळणारा प्रोग्राम. आपा तो हॅस्केल नावाच्या भाषेत लिहायच्या. आखातातल्या बँकेत कुणा सहकाऱ्याकडून त्यांनी ती उचलली होती आणि मग सोडलीच नाही. त्या भाषेचा हट्ट असा, की फंक्शनला जे द्याल त्यावरूनच त्याने उत्तर काढावं, आजूबाजूच्या कशालाही शिवू नये. तेच दिलं की तेच उत्तर, आज काय नि उद्या काय. फाइल, डेटाबेस, प्रिंटर अशा बाहेरच्या गोष्टींशी ज्याचा संबंध येतो ते सगळं खूण करून वेगळं ठेवायचं. मी हे घरी आईला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे सोवळं-ओवळंच की!" दुसऱ्या दिवशी आपांना सांगितलं. त्या एवढ्या खूश झाल्या की ऑफिसात तेच शब्द रूढ केले. "नीलू, हा ट्रकांचा डेटाबेस ओवळा. त्याला शिवलेलं सगळं त्या फाइलीत टाक." माझी सोवळं पाळणारी आई आणि तुडील गावच्या सायराआपा, दोघींना एकमेकींविषयी प्रेम वाटायला लागलं ते भेट होण्याच्याही आधीपासून.

प्रोग्राम नीट चालतो की नाही हे बघायला दुसरे छोटे प्रोग्राम लिहायचे, त्यांना टेस्ट म्हणतात. सोवळ्या भागाच्या टेस्ट लिहिणं म्हणजे पोरखेळ. ओवळ्या भागाने मात्र आमचा जीव नकोसा केला. प्रत्येक टेस्टने आधी डेटाबेस उघडायचा, त्यात एक खोटा ट्रक मांडायचा, त्याला माल लावून बघायचा, आणि शेवटी ट्रक मोकळा करून सगळं बंद करायचं. माझ्याबरोबर पराग म्हणून नाते गावचा एक मुलगा काम करायचा, हुशार आणि तितकाच आळशी. त्याची टेस्ट मधेच पडायची. मधे पडली की शेवटची ओळ चालायचीच नाही, आणि ट्रक तसाच अडकून राहायचा. मागून माझी टेस्ट यायची, तिला ट्रक मिळायचा नाही, ती पडायची आणि बोल मला. एकदा जेवून आलो तर आमचे सगळेच्या सगळे खोटे ट्रक आंबेनळी घाटात माल भरून उभे, आणि उतरवून घ्यायला कोणी नाही.

"माझं काय नाय," पराग म्हणाला. "पडली ती नीलूची."

आपा म्हणाल्या, "पडलेल्याला कशाला विचारतोस? त्याच्या आधी कोण येऊन गेलं ते बघ."

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला 'उसनवार' लिहून दिली. भाषेत तशी सोय आधीपासून होती, आपांनी ती आमच्या कामापुरती बेतून घेतली आणि तिला आपलं नाव दिलं. या उसनवारीला तीन गोष्टी सांगायच्या. वस्तू आणायची कशी, ही पहिली. परत करायची कशी, ही दुसरी. आणि मधल्या वेळात तिचं करायचं काय, ही तिसरी. मग तुमचा मधला भाग यशस्वी होवो की तोंडावर आपटो, वस्तू परत जाणारच. मी म्हटलं, "आपा, परत करायचं शेवटी असतं ना? मग ते दुसरं का सांगायचं?" त्या म्हणाल्या, "शेजारणीला मिक्सर देताना तुझी आई आधी काय विचारते? चटणी कसली करणार, हे की परत कधी देणार, हे?"

आता आमचं लिहिणं सुधारलं, पण आपांचं समाधान होईना. टेस्ट पास झाली की आम्ही खुशीत त्यांना बोलवायचो. त्या खुर्ची ओढून बसायच्या, टेस्टच्या ऐन मध्यावर एक ओळ घुसवायच्या, जिच्यावर येऊन ती हमखास मरेल, आणि मग चालवायच्या. "पास झालेली काय, सगळ्यांचीच गुणी असते," म्हणायच्या. "मेल्यावर मागे काय ठेवून जाते ते बघू." चांगली चालणारी टेस्ट अशी हौसेने मारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आज मी पुण्यात दहा माणसांकडून काम करून घेते आणि अगदी हेच करते, आणि त्यांना माझा राग येतो.

एक दिवस भर दुपारी वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते, रोजचंच होतं. टेस्ट चालू असताना गेली, आणि परत आल्यावर पाहतो तो ट्रक पुन्हा अडकलेले. परागला आनंद झाला. "आपा, तुमची उसनवारपण गेली की. वीज गेल्यावर ती कुठून येणार आवरायला?"

आपांनी चहा टाकला. मग खिडकीशी उभं राहून चहा पिता पिता त्यांनी आम्हाला तुडीलच्या भांड्यांची गोष्ट सांगितली.

तुडीलला त्यांच्या जमातीची मोठी भांडी होती, लग्नाकार्यात लागणाऱ्या डेगा, परातींसकट. ज्याच्या घरी लग्न त्याने ती न्यायची. पण परत कोण आणणार, त्या माणसाचं नाव नेतानाच सांगायचं, आणि तो माणूस लग्नघरचा चालत नसे. दुसऱ्या घरचाच लागे. ते नाव सांगितल्याशिवाय कुलूप निघत नसे. आपा लहान असताना त्यांच्या मावसबहिणीच्या लग्नाच्या दिवशी, डेग चुलीवर असतानाच, नवरीचे वडील गेले. घरात आकांत. "मी त्या पडवीत बसून रडत होते," आपा म्हणाल्या. "आणि बघते तर पलीकडच्या घरचे लोक येऊन मुकाट्याने चुली विझवतायत. भात गावात वाटला, डेगा नदीवर नेऊन घासल्या, दिवस मावळायच्या आत जाग्यावर. आमच्या घरातल्या कोणाला एका शब्दाने विचारलं नाय. रडणाऱ्या माणसाला पराती कुठे ठेवल्या म्हणून विचारायला लागू नये, म्हणून ती रीत."

मग परागकडे वळून म्हणाल्या, "तुझं बरोबर हाय. घरातल्या माणसावर सोडून भागत नाय."

त्यांनी शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला बॅटरी जोडली आणि त्याच्यावर एक छोटा प्रोग्राम बसवला. प्रत्येक टेस्टने आपला वेगळा, तात्पुरता डेटाबेस मांडायचा आणि मांडताना याला कळवायचं. टेस्टचा श्वास थांबलेला दिसला की हा जाऊन तिचा पसारा आवरून यायचा. त्याचं नाव ठेवलं 'शेजारीण'. त्यानंतर वीज जायची, यायची, आणि आमचे ट्रक रिकामेच मिळायचे.

त्या काळात आपांना जिना चढताना दम लागायला लागला होता. मधल्या पायरीवर थांबून त्या उगाच ओढणी नीट करायच्या. आम्ही मागे लागून डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची झडप खराब, मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घ्या, उशीर करू नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आपांनी तितक्याच स्वच्छपणे सांगितलं की आत्ता जमणार नाही.

"का जमणार नाही?" मी ऑफिसात त्यांच्यावर ओरडलेच.

"इब्राहिमला कोण भरवणार?"

"तुम्ही परत येईपर्यंत कुणीतरी भरवेल."

"तो खात नाय दुसऱ्याच्या हातून. आणि परत नाय आले तर?" हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, एखाद्या टेस्टविषयी बोलावं तशा. "आधी त्याचं बघू. मग झडप."

भाईंची धाकटी बहीण खतीजा तुडीलला राहायची. विधवा, एकटी, आणि सुगरण. आपांनी भाईंना तिच्याकडे नेऊन ठेवलं आणि स्वतः आमच्याकडे पोलादपूरला राहायला आल्या. "महाडात राहिले तर पाय तिकडेच वळतील," म्हणाल्या. लोकांना बोलायला विषयच मिळाला. आजारी नवऱ्याला नणंदेच्या गळ्यात बांधून बाई हवा खायला गेली, असं बाजारात ऐकू यायला लागलं. आपांनी खुलासा केला नाही. आमच्याकडे माझ्या आईच्या हातचं गुपचूप जेवायच्या आणि फोनकडे बघत बसायच्या.

फोन आला तो वाईटच. "भाभी, हा तोंड उघडत नाय गो. पाणीपण नाय घेत. मला भीती वाटते."

आपा मिळेल त्या एसटीने निघाल्या, मी बरोबर गेले. त्यांनी भरवलं तेव्हा भाई खात होते आणि रडत होते. मला वाटलं आपा आता नाद सोडतील. पण ताट खाली ठेवल्यावर त्या खतीजाला म्हणाल्या, "पडली. आता का पडली ते बघू."

पुढचे काही आठवडे त्या तुडीलला जात-येत राहिल्या. एकेक गोष्ट बदलून बघायच्या. महाडचं ताट-वाटी आणली, उपयोग झाला नाही. मग त्यांना वाटलं, चवीचा प्रश्न असेल. खतीजासारख्या सुगरणीला त्यांनी भाकरी करपवायला सांगितलं.

"मुद्दाम करपवू?" खतीजा बघतच राहिली.

"हां. एका बाजूनेच. दुसरी कच्ची ठेव."

ती बिचारी मान खाली घालून भाकरी करपवत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. भाईंनी त्या भाकरीकडेही पाठ फिरवली. आणि तेवढ्यात आपांच्या ध्यानात आलं. खतीजा थोरल्या भावासमोर पदर सावरून, अदबीने, मुकाट्याने भरवायची. आपा भरवताना अखंड बोलायच्या. दिवसभर काय झालं, कोण काय म्हणालं, कुठली टेस्ट पडली, सगळं. भाईंना त्यातलं काय कळत होतं देव जाणे, पण घासाबरोबर त्यांना ते लागायचं.

मग खतीजाची शिकवणी सुरू झाली. ती जन्मात कॉम्प्युटरजवळ गेली नव्हती. आपा दाराआड उभ्या राहायच्या आणि आतून खतीजाचा घाबरलेला आवाज यायचा, "भाई, आज परागची टेस्ट पडली. ट्रक घाटात हाय. खा." पहिल्यांदा भाईंनी मान वळवून तिच्याकडे नुसतं बघितलं. मग एका दुपारी तोंड उघडलं. दोन-तीन घासच खाल्ले, पण खाल्ले. आपांनी दाराआड माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली. त्यानंतर त्या पुन्हा पोलादपूरला येऊन राहिल्या, आणि या वेळी खतीजाचे फोन चांगले यायला लागले. मुंबईला ऑपरेशनची तारीख घेतली ती तेव्हा.

ऑपरेशन झालं, पण आपा त्यातून उठल्या नाहीत. भाई त्यांच्यामागे बरीच वर्षं जगले, खतीजाकडेच. एक वेळसुद्धा उपाशी राहिले नाहीत. परागने ऑफिस काही काळ चालवलं, मी पुण्याला आले. ज्या बाजाराने आपांना नावं ठेवली, त्याच बाजारात आता त्यांचं नाव आदराने घेतात. मला त्यांची फार आठवण येते. टेस्ट पास झाली की जास्त येते.

मुंबईला निघाल्या त्या दिवशी त्यांनी जीप तुडीलकडे वळवायला सांगितली. "फोनवर ऐकलंय नुसतं," म्हणाल्या. "डोळ्यांनी बघते एकदा." जीप रस्त्यावरच थांबवली. त्यांना धाप लागत होती म्हणून मी दंड धरला आणि आम्ही परसाच्या बाजूने खिडकीशी गेलो. दुपारची जेवणाची वेळ होती. आत भाई उशीला टेकून बसले होते, समोर ताट घेऊन खतीजा.

"भाई, आज परागची टेस्ट पडली," तिने सुरुवात केली. "आणि ते ट्रक... काय ते बाई, मरू दे. ऐक, ती मासेवाली आज काय बोलली माहीत हाय? बोय ताजी हाय म्हणे! मी डोळे बघितले माशाचे, म्हटलं तुला काय वाटलं, ही कोणाची बहीण हाय? इब्राहिम आचाऱ्याची!"

भाईंच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचाच होता तो. त्यांनी तोंड उघडलं, घास घेतला, आणि डाव्या हाताने ताटावर टकटक केलं. आणखी हवं होतं.

"मागून घेतलं," आपा कुजबुजल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. खतीजा बोलत राहिली, भाई खात राहिले. ट्रक आणि टेस्ट कधीच मागे पडले होते. थोड्या वेळाने आपा म्हणाल्या, "दाराकडे एकदापण नाय बघितलं त्याने."

"वाईट वाटलं?"

"लय वाटलं, नीलू." ओढणीच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले, पण खिडकीवरून नजर काढली नाही.

"मग आत जा ना. भेटून तरी घ्या."

त्यांनी मान हलवली. "मी आत गेले तर तो जेवायचा थांबेल," म्हणाल्या, आणि आवाज होऊ नये म्हणून चपला काढून हातात घेतल्या नि अनवाणीच जीपकडे निघाल्या.